दुखतंय? घे गोळी!

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात किराणा दुकानासमोर उभे राहा. "भाऊ, कंबर लय दुखून राह्यली, एक गोळी द्या ना!" हे वाक्य ऐकू येईलच. दुकानदार डबा उघडतो, कैचीने पत्ता कापून एक गोळी देतो. गोळीचं नाव ना ती विचारत, ना तो सांगत. बरेचदा ती डायक्लोफेनॅक असते. कायद्याने ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही!

आता थोडं टेक्निकल. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे सूज अन् वेदना वाढतात. या गोळ्या ते बनणंच रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ चं नोबेल मिळवलं. पण हेच रसायन पोटाचं अस्तर सांभाळतं, किडनीचा रक्तपुरवठाही टिकवतं. धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटताना पारा ४५ च्या घरात, घामाने अंगातलं पाणी आटलेलं, त्यात बीपीची गोळी चालू. अशा वेळी किडनी त्याच रसायनाच्या भरवशावर असते, अन् आपण नेमकं तेच बंद करतो.

गिधाडं आठवतात? ढोरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडनी निकामी होऊन ती मेली. हे २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठी मात्र चिठ्ठीची अट कागदावरच!

वेचणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. मजुरी किलोवर मिळते, घरी बसली तर चूल कशी पेटायची? गोळीही मुळात वाईट नाही. संधिवाताच्या पेशंटला तिचाच आधार असतो, पण डॉक्टरला विचारून, जेवणानंतर, मोजके दिवस. माझा राग त्या डब्यावर आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून होस्टेलवर कुणी जाड तार घातली तर आपण त्याला वेड्यात काढतो. मग गावात रोज तेच चाललंय त्याचं काय?

एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण गाव झाडतो, पथनाट्य करतो. यंदा एक दुपार किराणेवाल्यांसाठी ठेवू. अंगदुखीला आधी पॅरासिटामॉल पुरते का ते बघा, ती आशाताईंकडे फुकट मिळते, एवढं बायांनाही सांगू. आणि दिवाळीत घरी गेलात की आजीच्या उशाखालचा पत्ता एकदा वाचून बघा!