मोतीबिंदूने लावलेली सवय

मराठीत 'चाळिशी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. वयाचं नाव तेच आणि चष्म्याचंही तेच. पेपर हातभर लांब धरून वाचायला लागलं की कुणीतरी विचारतंच, "काय, लागली का चाळिशी?" मग आपण चष्म्याच्या दुकानात जातो, समोरची अक्षरं वाचतो, नंबर निघतो, फ्रेम पसंत होते आणि घरी येऊन सांगतो, "डोळे तपासून आलो."

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की हे डोळे तपासणं नव्हे. हा चष्म्याचा नंबर काढणं झालं. दोन्हींत फरक आहे, आणि आमच्या घराला तो चांगलाच महागात पडला आहे.

आमचं घर निम्मं साताऱ्यात आणि निम्मं सांगलीत. (१९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नावच 'दक्षिण सातारा' होतं, त्यामुळे आजीच्या लेखी सगळे सातारचेच!) साताऱ्याचे काका निवृत्तीनंतर दर दोन वर्षांनी न चुकता नंबर काढून घ्यायचे. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचायचे. पण हळूहळू दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायला लागला. राजवाड्यावर संध्याकाळी फिरताना बाजूने येणारी माणसं धडकायची. आम्ही म्हणालो, वय झालं. नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं की काचबिंदू आहे, आणि दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीचशी गेली आहे. मधली नजर शाबूत होती, म्हणून अक्षरं वाचता येत होती.

त्यावर घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "मग ऑपरेशन कधी?"

या प्रश्नात आपल्या भागाचा सगळा इतिहास आहे असं मला वाटतं. डॉ. वॉनलेस यांचं मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. तेव्हापासून आपल्याकडे कुणाला काही झालं की "मिरजेला न्या" हे ठरलेलं. पुढे १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव शिबिरं भरली. डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एक लाखाहून जास्त मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या. डोळ्याला पट्टी बांधून गेलेली आजी चार दिवसांनी नातवाचा चेहरा ओळखते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हे काम फार मोठं आहे, त्याबद्दल शंकाच नाही.

पण त्यातून आपल्याला एक सवय लागली. मोतीबिंदू 'पिकू द्यायचा' आणि मग काढायचा. थांबलं तरी चालतं, कारण गेलेली नजर परत येते. (खरं तर हल्लीच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचीही गरज नसते. जास्त पिकला तर उलट शस्त्रक्रिया अवघड होते.) काचबिंदूचं नाव मोतीबिंदूसारखंच, म्हणून आपण त्यालाही तोच न्याय लावतो. इथे मात्र थांबणं म्हणजे गमावणं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू मरते. ती बदलता येत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातला दाब कमी करून उरलेली नजर राखायची, एवढंच हातात असतं. आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, कसलीच सूचना देत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे स्वतःला कळतच नाही.

म्हणूनच "मला चांगलं दिसतंय की!" हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. काकांनाही चांगलंच दिसत होतं.

दुसरी गोष्ट सांगलीच्या आत्याची. तिला थोडं अंधूक दिसायला लागलं. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत पाहिलं आणि आधी रक्तातली साखर तपासून यायला सांगितलं. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. तिला मधुमेह आहे हे तिलाच काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या शरीरातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. रक्तदाब, मधुमेह यांच्या खुणा तिथे उमटतात. हे पाहायचं साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगापुढे ठेवलं. इतकी जुनी सोय असताना आपण नुसत्या नंबरावर समाधान मानतो!

चष्मेवाल्यांवर माझा राग नाही. ते त्यांचं काम चोख करतात. आपण त्यांच्याकडून जे काम झालंच नाही ते झालं असं धरून चालतो, अडचण तिथे आहे.

तर करायचं काय? चाळिशी लागली की चष्म्याबरोबर एकदा नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी. त्यात डोळ्यातला दाब मोजला जातो आणि बाहुली मोठी करून नस व पडदा पाहिला जातो. नुसता दाब बरोबर आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण दाब नेहमीइतका असूनही काचबिंदू असू शकतो. पुढची तपासणी कधी हे डॉक्टर सांगतील. मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर आणि मग दर वर्षी. जाताना कुणाला तरी बरोबर न्या, थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, गाडी चालवता येत नाही. आणि डोळा लाल झाला की मेडिकलमधून मनाने थेंब आणून महिनोन्महिने घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर त्यानेच डोळ्यातला दाब वाढू शकतो.

पैशाचा प्रश्न असेल तर साताऱ्याचं आणि सांगलीचं सरकारी रुग्णालय आहे. अर्धा दिवस मोडतो हे मान्य. पण आपण लग्नाच्या याद्यांना दोन-दोन दिवस मोडतो.

आता थोडं घरच्यांसाठी. काचबिंदू सख्ख्या नात्यात उतरण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे बाबा, आत्या आणि काकांची दोन्ही मुलं. बाबांची तपासणी झाली. आत्या, तू साखरेसाठी दर वर्षी जातेसच, तेव्हा काकांच्या काचबिंदूचं डॉक्टरांना आठवणीने सांग. काकांच्या धाकट्याने दाखवून घेतलं. थोरला मात्र अजून "माझा नंबर बदललेला नाही" म्हणून टाळतो आहे. दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तुझा नंबर कुणी विचारलेला नाही. येत्या शनिवारी मी साताऱ्यात आहे, परत येताना गाडी मी चालवीन.