टॅबवर खाडी निळीच दिसते

गूगल मॅप्स उघडा आणि वसईच्या खाडीवर या. पश्चिमेला वसईचा किल्ला आणि पाचूबंदर, मग नायगाव-भाईंदरमधले रेल्वेपूल, तिथेच पाणजू बेट, पुढे वरसाव्याचा पूल, घोडबंदर आणि वर उत्तरेला आमचं कामण. या सगळ्या पट्ट्यात पाणी एकाच रंगाचं दिसतं. सपाट, गुळगुळीत निळं. खऱ्या खाडीत ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे, डोल जाळ्यांचे खांब आहेत, जुन्या पुलाचे पाय आहेत, रेती उपसून पडलेले खड्डे आहेत आणि त्यांच्या शेजारी साचलेले नवे उंचवटे आहेत. नकाशावर यातलं काहीच नाही. रस्त्याच्या बाबतीत हेच ॲप कुठे खोदकाम चालू आहे तेसुद्धा सांगतं. पाण्याच्या बाबतीत ते फक्त एवढंच सांगतं की इथे पाणी आहे. ते काय, आम्हालाही दिसतं.

आता छोट्या होड्यांवरही फोन आणि टॅब्लेट आले आहेत. सुकाणूशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाहीतर मोटरसायकलचा मोबाइल होल्डर ठोकून. त्यावरून दोन गट पडलेत. एक गट आमचा, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा. आमच्या मते ॲप टाकलं की प्रश्न मिटला. दुसरा गट म्हणतो, कोळ्याला कसला टॅब शिकवता, त्याला समुद्र तळहातासारखा पाठ आहे. माझं म्हणणं असं की दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. टॅब्लेट चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. टॅब्लेटमध्ये घालायला आपल्याकडे खाडीच्या तळाचा नकाशा नाही, आणि ज्यांच्याकडे मोजमापं आहेत ते ती लोकांना फुकट देत नाहीत. भांडायचं असेल तर यावर भांडा.

आधी आमच्या गटाचा समाचार घेतो, कारण आमची मिजास जास्त आहे.

टॅब्लेट नेमकं काय करतो? उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांतून तो स्वतःची जागा काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही. मोकळ्या पाण्यावर साधा फोनही आपली जागा काही मीटरच्या फरकाने सांगतो. हे अफाट आहे, यात वाद नाही. पण टॅब विकत घेताना कोणी सांगत नाही की फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, ती सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असते. घरी वायफायवर निळा ठिपका बरोबर दिसतो, धक्का सोडला की तो हरवतो. शिवाय ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. मे महिन्यात दुपारी बारा वाजता उघड्या होडीवर काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको. आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, मग थर्मामीटरचं चित्र येतं आणि टॅब संपावर जातो. खाऱ्या पाण्याचे थेंब काचेवर पडले की पडदा त्यांनाच बोट समजतो आणि नकाशा आपोआप भलतीकडे सरकतो. होडी उभी असताना दिशेचा बाण आतल्या चुंबकीय होकायंत्रावर चालतो, आणि शेजारी लोखंडी इंजिन असेल तर तो बाण बेधडक खोटं बोलतो.

यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. सावली करा, जलरोधक कव्हर घ्या, बॅटरीवरून चार्जिंगची सोय करा, साधं होकायंत्र ठेवा. म्हणून मी म्हणतो, टॅबला दोष देऊन उपयोग नाही. खरी मेख पुढे आहे. टॅब तुमची जागा पाच मीटरपर्यंत अचूक सांगतो, पण कशावर? ज्या चित्रावर तो ठिपका ठेवतो त्या चित्रात तळाची माहितीच नसेल, तर ती अचूकता म्हणजे कोऱ्या कागदावर काढलेला सुबक टिंब. उलट तो जास्त घातक, कारण सुबक दिसतो म्हणून माणूस विश्वास ठेवतो.

हे फक्त गरिबाच्या होडीचं दुखणं नाही. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळखडकांवर जाऊन आदळली. जगातले कसलेले खलाशी, लाखो युरोंची बोट, उत्तम संगणक. इलेक्ट्रॉनिक नकाशावर ते खडक होते, पण नकाशा झूम आउट केल्यावर ते दिसेनासे होत होते. खलाशी वाचले, बोट मात्र खडकावर अडकली. माहिती नकाशात होती तरी असं झालं. आपल्या खाडीच्या नकाशात तर कितीही झूम इन करा, निळ्याच्या आत आणखी निळंच आहे.

आता दुसऱ्या गटाकडे. 'कोळ्याला सगळं ठाऊक असतं' हे वाक्य बहुधा कोळी बोलत नाहीत, कोळीवाड्यात फोटो काढायला आलेली माणसं बोलतात. तांडेलाचं ज्ञान खरं आहे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की वळायचं, पाण्याचा रंग आणि लाटेची फूट बघून खालचा उथळा ओळखायचा, ही पिढ्यांची विद्या आहे. पण ती विद्या ज्या तळाबद्दल आहे तो तळ तरी जागेवर आहे का? वसई खाडीत सक्शन पंपांनी किती वर्षं रेती उपसली जाते हे इथल्या कोणालाही विचारा. उल्हास नदी दर पावसाळ्यात वरून गाळ आणते. नवे पूल होतात, भराव पडतात. किनाऱ्यावरची खूण म्हणून जे झाड होतं तिथे आता टॉवर असतो, आणि टॉवरच्या पुढे दुसरा टॉवर. बापाची खूण मुलाला सापडत नाही, यात मुलाचा काय दोष? आणि तो मुलगा आता नालासोपाऱ्यात नोकरीला असेल तर खूण सांगायची तरी कोणाला?

माहीत असलेला धोकाही माणसं मारतो. 24 ऑक्टोबर 2018 ला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक स्पीडबोट मुंबईच्या दक्षिणेला खडकावर आपटून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच भागातल्या खडकांपासून जहाजांना सावध करायला 1875 मध्ये प्रोंग्ज दीपगृह बांधलं गेलं. म्हणजे खडक दीडशे वर्षं 'माहीत' आहेत. पण माहिती समाजाला असणं वेगळं आणि ती त्या क्षणी सुकाणू धरलेल्या हाताला असणं वेगळं. मधलं अंतर भरून काढायलाच तर नकाशा असतो.

मग सरकार काय करतं? सरकार यंत्रं वाटतं. 2017 च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचला नाही, कारण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज संपते. त्यानंतर 2019 मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र आलं. ते उपग्रहाकडून इशारे घेऊन ब्लूटूथने फोनवर देतं. 30 ऑगस्ट 2024 ला तर आपल्याच पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या मंडपात, पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठीच्या संपर्क यंत्रणेचा देशव्यापी शुभारंभ झाला. खर्च सुमारे 360 कोटी, किनारपट्टीच्या 13 राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून 1 लाख ट्रान्सपाँडर, तंत्रज्ञान इस्रोचं. याची मी थट्टा करत नाही. संकटात बोटीवरून संदेश जाणं, वादळाचा इशारा मिळणं, सागरी हद्द जवळ आली की सावध होणं, हे सगळं हवंच. पालघरच्या ज्या घरांतला माणूस पाकिस्तानच्या तुरुंगात पडला, त्यांना हद्दीच्या इशाऱ्याची किंमत कळते. पण या यंत्रांचं काम संपर्काचं आहे. कण्याखाली किती पाणी उरलंय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि यंत्राचं उद्घाटन करता येतं, त्याच्यासोबत फोटो काढता येतो. खोलीच्या आकड्यांची फीत कशी कापणार?

आकडे कोणाकडे असतात तेही सांगतो. भारताच्या समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय बनवतं. ही जुनी, आदरणीय संस्था आहे. 1874 मध्ये कलकत्त्यात सुरू झाली, 1954 मध्ये डेहराडूनला गेली. तिचे इलेक्ट्रॉनिक नकाशे उत्तम असतात आणि विकत मिळतात. मोठ्या जहाजांना ते घ्यावेच लागतात. सहा माणसांच्या होडीचा मालक ते घेत नाही, आणि घेतले तरी मोठ्या जहाजांसाठी केलेल्या नकाशात छोट्या खाड्यांचे कोपरे कशाला कोणी तपशिलात भरेल? अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही फुकट उतरवून देते. साधा हिशेब आहे: सर्वेक्षण जनतेच्या पैशाने झालं, तर नकाशा जनतेचा. आपल्याकडेही जमिनीबाबत हे मान्य झालंय. 2017 मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने 'नक्शे' या पोर्टलवर स्थलदर्शक नकाशे फुकट द्यायला सुरुवात केली. कामणदुर्गावर चढायला जाणाऱ्या पोराला डोंगराच्या समोच्च रेषा फुकट. त्याच डोंगरावरून खाली दिसणाऱ्या खाडीत पोट भरणाऱ्याला मात्र निळा रंग.

इथे सुरक्षेचा मुद्दा येतो, यायलाच हवा. 2008 मध्ये दहशतवादी 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून समुद्रातूनच मुंबईत आले. मग तळाचे नकाशे खुले कसे करायचे? माझा प्रतिप्रश्न: नकाशे बंद होते म्हणून ते अडले का? परदेशी कंपन्या आपल्या किनाऱ्याचे नकाशे वर्गणी घेऊन ॲपवर विकतात. ज्याच्याकडे कार्ड आहे तो घेतो. गुपित राहतं ते फक्त पाचूबंदरच्या तांडेलापासून. केंद्र सरकारच्याच फेब्रुवारी 2021 च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की जे जगात सहज उपलब्ध आहे त्यावर इथे निर्बंध ठेवण्यात अर्थ नाही. नौदलाच्या गोदीभोवतीचा भाग झाका, कोण नाही म्हणतंय? पाणजूला जाणाऱ्या होडीची वाट झाकून देशाचं काय रक्षण होतं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तळ दर पावसाळ्यात बदलतो, मग नकाशा काढून उपयोग काय? उत्तर त्या होड्यांवरच आहे. कितीतरी बोटींवर आधीच फिश फाइंडर असतो. तो पाण्यात ध्वनी सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. खोली, जीपीएसची जागा आणि वेळ, या तीन गोष्टी एका ओळीत साठवल्या की झालं मोजमाप. फक्त त्यातून भरतीची उंची वजा करावी लागते. समजा सकाळी फिश फाइंडरने 4 मीटर पाणी दाखवलं आणि त्या वेळी भरती 3 मीटरची होती, तर नकाशात त्या जागी 1 मीटरच लिहायचं, कारण ओहोटीला तेवढंच उरणार. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, त्यामुळे ही वजाबाकी चुकली तर होडी चिखलात बसलीच. शिवाय ॲपवर दिसणारी भरती मुंबईच्या धक्क्याची असते. खाडीत आत, आमच्या बाजूला, ती उशिरा पोचते. म्हणून वसई खाडीसाठी दोन-तीन ठिकाणी भरती मोजणारी स्वस्त यंत्रं बसवायला हवीत. यात रॉकेट सायन्स काही नाही. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना जहाजांनी अशी गोळा केलेली मोजमापं जगभरातून स्वीकारते. आमच्या क्षेत्रातली मुलं शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमध्ये याहून अवघड गोष्टी करतात, आणि सोमवारी विसरून जातात.

आणि ही खाडी आडबाजूची नाही. 2016 च्या कायद्याने वसई खाडी आणि उल्हास नदी राष्ट्रीय जलमार्ग 53 चा भाग झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. आपल्या गाड्या आता खाडी ओलांडतात. अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे 'लॅडिस' नावाची व्यवस्था आहे, जलमार्गाच्या कोणत्या टप्प्यात किमान किती खोली आहे ते ती लोकांना सांगते. म्हणजे गंगेवरच्या मालवाहू जहाजासाठी हे करता येतं. मग मागणी अगदी साधी आहे. जलमार्ग 53 च्या प्रत्येक टप्प्याची खोली, मोजल्याच्या तारखेसह, फुकट आणि मराठीत, फोनवर उतरवून घेता येईल अशी द्या. महाराष्ट्र सागरी मंडळ रो-रोसाठी जी मोजमापं करतं तीही त्यात घाला. मच्छीमार सोसायट्यांना त्यांची मोजमापं जोडायची मुभा द्या, आणि जोडणाऱ्याला डिझेलवर चार पैशांची सवलत द्या. 360 कोटींच्या पुढे हा खर्च किरकोळ ठरेल.

तोवर ज्याला टॅब लावायचाय त्याने लावावा. सिमकार्डवाला घ्या, नकाशा धक्क्यावरच उतरवून ठेवा, सावलीत ठेवा, शेजारी होकायंत्र असू द्या, आणि आपण रोज ज्या वाटेने सुखरूप जातो तिचा माग त्यात नोंदवून ठेवा, भरतीची वेळ लिहून. निळ्या रंगापेक्षा तो माग शंभर पटींनी खरा आहे. आणि पुढच्या वेळी गावात कोणी नवं यंत्र वाटायला आलं, तर ते जरूर घ्या, फोटोही काढू द्या. फक्त एक विचारा: साहेब, यात खाडी किती खोल दिसते?