कॉलेज हुकले, वर्ष हुकू नये



इंटरचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न असतो, 'डिग्रीला नंबर लागला का?' लागला नाही, किंवा पैशाअभावी प्रवेश घेता आला नाही, तर मुलगा कापसाच्या हंगामात काट्यावर उभा राहतो, नाहीतर हैदराबादला मिळेल त्या कामाला निघून जातो. मुलीच्या बाबतीत तर लगेच स्थळांची चर्चा सुरू होते. 'एक वर्ष थांबू' म्हणून थांबलेली किती मुले पुन्हा वहीला हात लावतात, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे.

कॉलेजला न जाणे हा गुन्हा नाही. मात्र वर्षअखेर हातात काही कसब आणि त्याचा दाखला नसणे, हे खरे नुकसान आहे.

मार्ग आहेत. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येते आणि दरमहा विद्यावेतनही मिळते. सिंगरेणी, आरटीसी आणि रेल्वे असे उमेदवार घेतात. आपले आदिलाबाद स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते, हे लक्षात असू द्या. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-1 भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समजही चुकीचा आहे. पुढे डिप्लोमा करता येतो आणि डिप्लोमानंतर ईसेट देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसता येते.

ज्यांना शेती किंवा दुकान सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. 1982 साली हैदराबादला सुरू झालेले हे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ. काम सांभाळून तेथून पदवी घेता येते. 18 वर्षे पूर्ण झालेल्या ग्रामीण मुला-मुलींसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे शिकणे, राहणे आणि जेवण मोफत असते. मुलीला लांब पाठवायला मन धजत नसेल, तर निदान या दोन वाटा तरी तिच्यासाठी बंद करू नका. कॉलेज हुकले म्हणून तिचे लग्न उरकणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता थोडे राजकारणाविषयी. 1956 मध्ये किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून मते मागायला सगळे येतात, पण आपल्या मुलांच्या रोजगाराचे काय, असे विचारले की विषय बदलतो. आदिलाबादचा सिमेंट कारखाना बंद पडून कित्येक वर्षे झाली. तो सुरू असता तर शिकाऊ उमेदवारांना जिल्ह्यातच जागा मिळाली असती. 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. जिल्ह्यात कोण घेते आणि कोण टाळते, याची यादी अधिकाऱ्यांनी जाहीर करावी. प्रवेशाची माहिती मराठी शाळांत मराठीतून लावावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, या दोन गोष्टी विचारा आणि उत्तर चारचौघांत घ्या.

मात्र सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही. आपल्याच समाजात वायरमन, फिटर, रेल्वेतील कर्मचारी, बँकेतील मंडळी आहेत. प्रत्येकाने एका मुलाचा किंवा मुलीचा अर्ज सोबत बसून भरून द्यावा, तारखा लक्षात ठेवाव्यात, तेलुगू-इंग्रजी फॉर्म समजावून सांगावा. वर्गणी देणे सोपे आहे, एक संध्याकाळ देणे त्याहून मोलाचे. पालकांनीही पाहुण्यांसमोर 'आमचा घरीच आहे' असे खाली मान घालून सांगणे सोडावे. 'आमचा वेल्डिंग शिकतो आहे' हे सांगताना आवाज खाली जाण्याचे कारण नाही.