रिकाम्या पिस्तुलाचा भरवसा

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. कपाटात ठेवताना शस्त्र हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. पुढचे चार दिवस त्यांच्या प्रकृतीची चर्चा झाली, ती स्वाभाविकच होती. मात्र घरात भरलेले शस्त्र बाळगणाऱ्या सामान्य परवानाधारकाला ते हाताळण्याची सवय कितपत असते, या प्रश्नाकडे कोणी फिरकले नाही.

उत्तर फारसे सुखावह नाही. आपल्याकडचे परवान्याचे पिस्तूल वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर येते, पुसले जाते, त्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि ते पुन्हा कपाटात जाते. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत मिळते. काडतुसे महाग, त्यांच्या खरेदीवर मर्यादा, आणि सामान्य माणसाला सराव करता येईल अशी मैदाने गोव्यासारख्या लहान राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. परिणामी, पिस्तूल दहा वर्षे घरात असूनही ज्यांनी त्यातून दहा गोळ्याही झाडलेल्या नाहीत, असे परवानाधारक विरळा नाहीत.

नेमबाजांनी या अडचणीवर फार पूर्वी तोड काढली आहे. गोळीविना सराव, त्यांच्या भाषेत ‘ड्राय फायर’. रिकामे शस्त्र भिंतीवरच्या ठिपक्यावर धरायचे आणि चाप इतक्या संथपणे ओढायचा की घोडा पडताना माशी जागची हलू नये. आवाज आणि धक्का नसल्याने हाताची चूक उघडी पडते. दहा मीटर स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत तर हवा न सोडता केवळ चाप ओढण्याची सोयच असते. पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवणारी मनू भाकर असो, महूच्या लष्करी केंद्रात घडून लंडनला रौप्यपदक जिंकणारे विजयकुमार असोत किंवा कोल्हापूरची राही सरनोबत, त्यांच्या पातळीवरचे नेमबाज घडतात त्यात या मूक सरावाचा वाटा मोठा असतो.

पण खेळाडूची शिस्त वगळून केवळ कृती उचलली, तर हाच सराव घातक ठरतो. आणि त्यातही लहान पिस्तूल अधिक फसवे. आपल्याकडे नागरिकांना मिळणारी पिस्तुले बहुधा .३२ बोअरची. ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर आहे. या आटोपशीर पिस्तुलांची स्प्रिंग बरेचदा ताठ असते आणि स्लाइड आखूड. ती ओढताना तळहात नळीच्या तोंडापुढे येतो किंवा नळी स्वतःच्याच पोटाकडे वळते. जोर लावण्याच्या नादात बोट चापावर जाते ते वेगळेच.

सर्वांत मोठा गैरसमज मॅगझिनचा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत जीवघेणी आहे, कारण एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेले असू शकते. क्रमही महत्त्वाचा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलट केले, तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधले दुसरे त्याची जागा घेते, आणि मालक जमिनीवर पडलेल्या काडतुसाकडे पाहून निश्चिंत होतो. म्हणून चेंबर डोळ्यांनी पाहावे, करंगळीने चाचपावे, आणि हात अन्य कामाला लागला तर परत आल्यावर पुन्हा तेच करावे. काडतुसे तर त्या खोलीतच नसावीत.

सगळ्याच पिस्तुलांना कोरा चाप सोसतो असेही नाही. .२२ रिमफायर शस्त्रात फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते, काही जुन्या लहान पिस्तुलांत ती तुटते. यासाठी बनावट, बिनदारूची काडतुसे मिळतात. ती खऱ्यांपेक्षा रंगाने स्पष्ट वेगळी हवीत.

आणि भिंत? जुन्या घराची जाड चिऱ्याची भिंत निराळी आणि फ्लॅटमधली प्लायवूडची आडोशाची भिंत निराळी. दुसरीपलीकडे शेजाऱ्याची मुले झोपलेली असतात. टीव्हीच्या पडद्यावर नेम धरणाऱ्यांविषयी तर काय बोलावे!

अपघाताची खरी वेळ मात्र सराव संपल्यानंतरची. पिस्तूल पुन्हा भरले जाते, मन अजून सरावातच असते, आणि ‘आणखी एकदा’ म्हणून चाप ओढला जातो. म्हणूनच जाणते प्रशिक्षक सराव संपल्याचे मोठ्याने उच्चारून सांगायला लावतात आणि लगेच शस्त्र कुलपात ठेवायला लावतात. ऐकायला हे बाळबोध वाटेल. मोठी माणसे बाळबोध गोष्टीच विसरतात.

कायद्याने आपला भाग काही अंशी केला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीचे बंधन आणि प्रशिक्षणाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले. ग्वाल्हेर-चंबळच्या वराती पाहिलेल्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. मात्र त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदतही तीनवरून पाच वर्षे केली, म्हणजे परवानाधारक आणि प्रशासन यांची नूतनीकरणानिमित्त होणारी गाठ आणखी लांबली.

मधल्या काळात ती गाठ पडते निवडणुकीत. जमा केलेली शस्त्रे परत देताना पोलीस ठाण्यात पावती आणि सही, एवढाच व्यवहार होतो. त्याच टेबलावर दलातील शस्त्रजाणकाराने मालकाला आपले पिस्तूल स्वतःच्या हाताने रिकामे करून दाखवायला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे. ज्याला ते जमणार नाही, त्याचे शस्त्र जमल्याशिवाय परत देऊ नये. त्यासाठी नियमात बदल लागत असेल, तर विधानसभेची पुढची निवडणूक लागण्याआधी तो करून घेण्याइतका वेळ सरकारकडे आहे.