माईक देणे, माईक घेणे



सभेची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर त्यात ‘ध्वनिक्षेपक’ असे लिहावे लागते. अर्ज देऊन पायरी उतरलो की लगेच आपण एकमेकींना विचारतो, “माईकवाल्याला सांगितलं का?” कागदावर ध्वनिक्षेपक आणि तोंडात माईक. इंग्रजीतही हीच वाटणी आहे. ‘मायक्रोफोन’ हा तिथला पोशाखी शब्द, तर ‘माईक’ हा घरातला. १९२० च्या दशकात रेडिओबरोबर तो रूढ झाला. बायसिकलची जशी बाईक झाली, तसा मायक्रोफोनचा माईक. पुढे १९६० च्या सुमारास मूळ शब्दाची पहिली तीन अक्षरे जशीच्या तशी ठेवणारे दुसरे स्पेलिंगही आले. उच्चार तोच, पण बरोबर कुठले यावर तिकडे अजून तावातावाने वाद होतात. आपल्याकडे वाद झालाच तर ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि तो करायला कुणाला वेळ आहे!

मला या शब्दाच्या मुळाशी जायला आवडते. ग्रीकमध्ये ‘मायक्रो’ म्हणजे लहान आणि ‘फोन’ म्हणजे आवाज. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये हे नाव वापरले ते अगदी बारीक आवाज कानाला ऐकू यावा म्हणून केलेल्या साधनासाठी. म्हणजे नाव पडले ते लहान आवाजाच्या सोयीसाठी. ज्यांचा आवाज मुळातच खणखणीत, त्यांच्यासाठी ही वस्तू नव्हतीच म्हणायची!

प्रत्यक्षात काय झाले? रेडिओच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बायकांचा आवाज ‘किरटा’, ‘कानाला टोचणारा’ ठरवला गेला. त्या वेळची यंत्रे आणि प्रक्षेपण आवाजाच्या वरच्या पट्ट्या कापून टाकत. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने ज्या पट्ट्यांत असतात त्याच या पट्ट्या. त्याचा फटका बायकांच्या आवाजाला जास्त बसे. दोष यंत्राचा, पण खापर फुटले बाईच्या गळ्यावर. बीबीसीने १९३३ मध्ये शीला बॉरेट यांना निवेदिका म्हणून नेमले, तेव्हा श्रोत्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि काही महिन्यांतच त्यांना त्या कामावरून दूर करण्यात आले.

आता आपल्या मराठीकडे येऊ. आपण ‘माईक’ म्हणतो तेव्हा हातातली दांडीच नव्हे, तर कर्णा, खोके, वायरी आणि तो लावणारा पोरगा असे सगळे त्यात येते. ‘देवळात माईक लावलाय’ म्हटले की अख्ख्या गावाला ऐकू जाते आहे असे समजायचे. बाईच्या वाट्याला हा शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतो. ‘हिला माईक लागतच नाही’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकले असेल! पुरुषाचा आवाज मोठा असला तर तो ‘पहाडी’ असतो, बाईचा असला तर तिला माईक लागत नाही.

त्याहून मला खटकतात ती या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे. पुरुष माईक ‘घेतो’, ‘हातात घेतो’, ‘सोडत नाही’. बाईला माईक ‘देतात’. तोही बहुधा आभारप्रदर्शनासाठी किंवा स्वागतगीतासाठी. आपल्या चळवळीच्या अहवालांतही ‘वस्तीतल्या महिलांना माईक दिला’ असे कौतुकाने छापलेले असते. देणारी कोण, आणि परत कधी मागून घेणार, हे त्या वाक्यात आधीच ठरलेले असते.

हा निव्वळ भाषेचा कीस नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. खुर्ची मिळाली. पण ग्रामसभेत सरपंचबाई मधोमध बसलेल्या आणि माईक ‘सरपंचपतीं’च्या हातात, हे दृश्य मी कामाच्या निमित्ताने इतक्यांदा पाहिले आहे की आता मी खुर्ची कोणाची हे विचारतच नाही. इतिवृत्तात ठराव बाईंच्या नावावर असतो, गावाच्या कानात मात्र आवाज नवऱ्याचा राहतो. पुढच्या वेळी पाण्याची तक्रार घेऊन बायका मग कोणाकडे जातात, हे तुम्हांला सांगायला नको.

वस्तूची घडणही काही तटस्थ नाही. उभा स्टँड आधीच्या वक्त्याच्या उंचीला लावलेला असतो आणि बाई टाचा उंचावून बोलते. स्क्रू फिरवून तो खाली घ्यायचा असतो, एवढे तिला कोणी सांगत नाही. कॉलर माईकचे नावच बघा! त्याची डबी अडकवायला कमरेचा पट्टा हवा. नऊवारीत किंवा पाचवारीत ती डबी कुठे खोचायची याचा विचार करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. शिबिरात कायद्याच्या सत्राआधी अर्धा तास माईकवाल्याला बसवून घ्यावे. बटण कुठे असते, ते आपण स्वतः चालू करून बघावे. माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. हातभर लांब धरला की आवाज पडतो आणि मागचे ‘ऐकू येत नाही’ म्हणून ओरडतात, मग बाई घाबरते. जाळी मुठीत आवळू नये. माईक घेऊन कर्ण्याच्या समोर जाऊ नये, कारण शिट्टी वाजते ती त्यामुळे, आपल्या आवाजामुळे नव्हे. प्रत्येकीने स्वतःचे नाव आणि गाव सांगावे, आणि मग माईक शेजारणीला न देता खाली ठेवून द्यावा. पुढचीने तो उचलून घ्यावा.