गाडी गेली, नाव मात्र राहिले!

गाडी विकणे म्हणजे रद्दी विकणे नव्हे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत चिरंजीवांची मित्सुबिशी सीडिया उभी असे. २००६ साली भारतात आलेली ही जपानी कुळाची गाडी. जुळणी मात्र चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूरची. रॅलीत धावणारी म्हणून हौशी पोरांची लाडकी. आमच्याकडे आल्यावर तिला आणखी नटवण्यात आले. मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसल्या, टायर रुंद झाले, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आला आणि रुपेरी रंगावर गडद निळा चढला. रात्री ती हायवेवरून आत वळली की पहिल्या मजल्यावरच्या आजी उठून बसत. गतिरोधकाला तिचे पोट घासे आणि माझ्या पोटात गोळा येई.

यथावकाश चिरंजीवांचे लग्न झाले, नोकरी बंगळूरला गेली. "बाबा, विकून टाका," म्हणाला. कर्ज मी काढलेले, त्यामुळे गाडी माझ्याच नावावर होती.

पहिलेच गिऱ्हाईक बावीस-तेवीस वर्षांचे. सायलेन्सरचा आवाज ऐकूनच स्वारी खूष! मागितली ती किंमत कबूल, रोख. अट एकच : "काका, नाव नंतर करून घेतो. तुम्ही फॉर्मवर नुसत्या सह्या द्या." मी पेन उघडलेसुद्धा. तेवढ्यात चहा घेऊन आलेली सौ. म्हणाली, "आणि उद्या ह्या गाडीने कुणाला उडवले, तर पोलीस कुणाच्या दारात येणार?"

पेन बंद झाले. वकील मित्राला फोन केला, तेव्हा तिचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आल्याचे कळले. एकाने २००७ साली मारुती विकल्याचे सांगितले. ती पुढे हातोहात फिरली, पण कागदावर नाव जुनेच. २००९ साली तिने एका मुलाचा जीव घेतला. नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, असा निकाल ६ फेब्रुवारी २०१८ रोजी लागला. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

दुसरा धक्का नटव्या साजाचा. उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरली. म्हणजे मी त्या पोराला गाडीबरोबर गुन्हाही विकणार होतो, तोही चढ्या भावाने!

मग माळ्यावरच्या मूळ स्प्रिंगा आणि सायलेन्सर खाली उतरले. मेकॅनिकने दोन दिवसांत गाडी पूर्ववत केली. रंगबदलाची नोंद आरटीओत रीतसर करून घेतली. त्या मुलाला निरोप धाडला : "वडिलांना घेऊन ये." ते आले. काय काय बदलले होते, पोट कुठे घासले आहे, सारे वाकून दाखवले. वडिलांनी तीस हजार कमी केले. मुलाचे तोंड उतरले. पण नमुना २९ आणि ३० त्याच बैठकीत भरले. विम्याचे कागदही नव्या नावावर करायला सांगितले.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. आता अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरही भरता येतो आणि नाव बदलले की नाही, हेही घरबसल्या पाहता येते. मी रोज पाहत होतो.

आपल्याकडे पैसे हाती पडले की व्यवहार संपला, असे आपण मानतो. "ओळखीतलाच आहे हो, करील नाव," म्हणून सोडून देतो. पण त्याच्या ओळखीतल्याची आपल्याला ओळख नसते. कोऱ्या फॉर्मवरची सही म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती दिलेली आपली अब्रू.

तीस हजार गेले खरे. पण रात्री हायवेच्या बाजूने एखादा सायलेन्सर गर्जला, तरी मी कूस बदलून झोपतो.