टॅबचे दप्तर आणि सहा गठ्ठे

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या, कपाटांत सुटीभर कुलूपबंद राहिलेले टॅब बाहेर निघाले, आणि पहिल्या पंधरवड्यातच पारोळा, अमळनेर, एरंडोल व धुळे या तालुक्यांतील शिक्षकबंधुभगिनींकडून आमच्याकडे जे निरोप येऊ लागले, त्यांतील बहुतेकांचा आशय एकच होता : टॅब चालू होतो, परंतु 'जागा शिल्लक नाही' असे सांगून पुढे काही करू देत नाही. पाठाचा व्हिडिओ उतरत नाही, हजेरीचे ॲप अपडेट होत नाही, मुलांचा आवाज मुद्रित करावा म्हटले तर दोन मिनिटांत मुद्रण थांबते. हे टॅब शाळेत कसे आले हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासननिर्णय २२ जून २०१५ रोजी निघाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खानदेशातील गावोगावच्या पालकांनी, कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून का होईना, शाळेसाठी वर्गणी दिली. त्या वर्गणीत जे बसले ते आपण घेतले, म्हणजे १६ किंवा फार तर ३२ जीबीचे टॅब. गावाने आपल्या ऐपतीप्रमाणे दिलेली ती वस्तू आहे. ती अपुरी म्हणून कपाटात टाकून देण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि म्हणूनच या अंकाचे संपादकीय आम्ही या वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या विषयाला देत आहोत.

प्रथम हिशेब. खोक्यावर ३२ जीबी छापलेले असले, तरी यंत्राची मूळ प्रणाली आणि कारखान्यातूनच भरून आलेली ॲप्स मिळून त्यांतील दहा-बारा जीबी आधीच व्यापून बसतात. १६ जीबीच्या टॅबवर तर आपल्या वाट्यास निम्मे राहिले तरी भाग्य म्हणावे. शिवाय कारखान्यातून आलेले ॲप जेव्हा अपडेट होते, तेव्हा त्याची जुनी प्रत प्रणालीच्या भागात तशीच राहते आणि नवी प्रत आपल्या वाट्याच्या जागेत येऊन बसते, त्यामुळे आपण कधीही न उघडलेले ॲपसुद्धा दर महिन्यास थोडी थोडी जागा गिळीत राहते. अशी ॲप्स काढून टाकता येत नाहीत, परंतु सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांची अपडेट्स काढून ती 'अक्षम' करता येतात, आणि प्रत्येक शाळेने हे काम एकदा बसून करावे. शिल्लक जागा साधारण ५०० एमबीच्या खाली उतरली म्हणजे अँड्रॉइड इशारा देऊ लागते. पण तोपर्यंत टॅब मंद झालेला असतो, म्हणून इशाऱ्याची वाट न पाहता एकंदर जागेचा दहावा हिस्सा सदैव मोकळा ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. जागा संपली की आपण काय करतो? कोणत्या वस्तूने किती जागा व्यापली आहे ते पाहतो, सर्वांत मोठी वस्तू शोधतो आणि ती पुसतो. सर्वांत मोठी वस्तू बहुधा मुलांनीच काढलेले चित्रण असते, कारण पूर्ण एचडी प्रतीचे एका मिनिटाचे चित्रण सहज शंभर एमबीच्या वर जाते. आणि त्याच टॅबवर इंटरनेटवरून केव्हाही पुन्हा घेता येतील अशी पाठ्यपुस्तके, कवितांचे व्हिडिओ आणि खेळांची ॲप्स निर्धास्त राहतात. आकारमान पाहून पुसणे हा कारकुनाचा न्याय नव्हे, तो रद्दीवाल्याचा न्याय आहे. पुसण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एकच : हे पुन्हा मिळेल काय? जे पुन्हा मिळेल ते आधी जावे; जे पुन्हा मिळणार नाही ते पुसले तर जाऊ नयेच, पण ते एकट्या टॅबच्या भरवशावर राहूही नये.

हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. सेवेच्या अखेरच्या वर्षी बोरीकाठच्या एका गावच्या शाळेत आम्ही चौथीच्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडची अहिराणी गाणी, उखाणे आणि कहाण्या टॅबवर मुद्रित करून आणावयास सांगितले होते. मुलांनी ते काम ज्या उत्साहाने केले त्याची आठवण आजही मन भरून आणते. एका मुलीच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. मध्येच जाते थांबल्याचा आवाज होता, कोणी तरी पाणी मागितल्याचा आवाज होता, आणि पुन्हा ओवी सुरू झाली होती. पुढे एका प्रशिक्षणासाठी नवे ॲप तातडीने हवे होते, जागा नव्हती, आणि आम्ही मुद्रणाच्या ॲपमध्ये जाऊन 'कॅशे साफ करा' या बटणाऐवजी त्याच्या शेजारचे 'डेटा साफ करा' हे बटण दाबले. ती सगळी मुद्रणे त्या ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात होती, बाहेर त्यांची एकही नक्कल नव्हती. क्षणार्धात चौदा घरांचा आवाज गेला. त्या आजी त्याच वर्षी दिवाळीच्या आत वारल्या. आम्ही त्या मुलीस काय सांगितले ते येथे लिहवत नाही.

म्हणून या दोन बटणांतील भेद प्रत्येक शिक्षकाने पक्का ध्यानात ठेवावा. 'कॅशे' म्हणजे ॲपने आपल्या सोयीसाठी काढून ठेवलेल्या तात्पुरत्या नकला. त्या गेल्या तर ॲप पुन्हा तयार करते, काही बिघडत नाही. 'डेटा' म्हणजे त्या ॲपचे मूळ दप्तर : तुमचा लॉगिन, उतरविलेले पाठ, आणि अद्याप वर न पाठविलेल्या नोंदी. ते पुसले वा ॲप काढून टाकले, की परत मिळत नाही.

दप्तर हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. मराठीत मुलाच्या खांद्यावरची पिशवी हेही दप्तर आणि कचेरीतील कागदांचा संग्रह हेही दप्तर. फारसीतून आलेल्या या एका शब्दाने दोन्ही ओझी उचलली. पहिल्या ओझ्याचा विचार शासनाने २०१५ साली केला आणि मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भार त्याच्या पाठीवर नसावा असे ठरविले. दुसऱ्या ओझ्याचा विचार त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि आपल्या कचेऱ्यांनी तो फार व्यवस्थित केला आहे. अभिलेखांचे वर्ग आपण सारेच जाणतो : 'अ' वर्ग कायम, 'ब' तीस वर्षे, 'क-१' दहा वर्षे, 'क' पाच वर्षे, आणि 'ड' एक वर्ष. शाळेचे जनरल रजिस्टर कायमचे आणि किरकोळ पत्रव्यवहार वर्षाचा, हे कोणत्याही मुख्याध्यापकास शिकवावे लागत नाही. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धतही आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आश्चर्य एवढेच, की कागदाच्या बाबतीत इतकी शिस्त बाळगणारा शिक्षक टॅबच्या बाबतीत ती शिस्त उंबऱ्याबाहेर ठेवतो. आमचे सांगणे असे की तेच सहा गठ्ठे टॅबवर बांधावेत.

'बैठकीवरील प्रकरणे' म्हणजे या आठवड्यात शिकवावयाचे पाठ. ते तेवढेच उतरवावेत. सबंध वर्षाचे पाठ जूनमध्ये भरून ठेवण्याचा मोह अनेकांस होतो, कारण गावात नेटवर्क येते-जाते, आणि ती अडचण खरी आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी बैठकीस येणे होतेच, तेव्हा पुढील पंधरवड्याचे पाठ उतरवून न्यावेत आणि मागील पंधरवड्याचे काढावेत. 'नियतकालिके' म्हणजे हजेरी, पोषण आहार, यू-डायस अशा ठरलेल्या मुदतीत माहिती मागणारी ॲप्स. रोज लागणारी ती ठेवावीत, आणि वर्षातून एकदाच लागणारी काम झाल्यावर ठेवू नयेत. प्ले स्टोअरमध्ये २०२३ पासून ॲप 'संग्रहित' करण्याची सोय आली आहे. तिने ॲपचा मोठा भाग जातो, पण चिन्ह आणि आपली माहिती राहते, आणि पुन्हा लागले तर चिन्हावर बोट ठेवताच ते परत उतरते. 'स्थायी आदेश' म्हणजे चालू शासननिर्णय आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रती. त्यांना फारशी जागा लागत नाही.

'प्रतीक्षाधीन' हा गठ्ठा मात्र धोक्याचा. नेटवर्क नसताना भरलेली माहिती ॲपमध्ये थांबून राहते आणि संधी मिळेल तेव्हा वर जाते. ती वर गेली आहे काय, हे तपासल्यावाचून त्या ॲपला हात लावणे म्हणजे बारनिशीत न चढलेले टपाल फाडून टाकण्यासारखे आहे. कोणतेही ॲप काढण्यापूर्वी ते उघडावे, 'सिंक' झाल्याची खूण पाहावी, आणि मगच पुढे जावे.

'नष्ट करावयाचा' गठ्ठा प्रत्येक टॅबवर सर्वांत फुगलेला असतो, आणि तो बहुतांशी व्हॉट्सॲपचा असतो. केंद्राचा गट, तालुक्याचा गट, संघटनेचा गट, प्रत्येक सुप्रभाताचे चित्र आणि प्रत्येक सत्काराचा व्हिडिओ आपोआप उतरत राहतो. हे आपोआप उतरणे सेटिंग्जमधून बंद करता येते, ते आजच करावे; 'स्टोरेज व्यवस्थापित करा' या ठिकाणी पाच एमबीहून मोठ्या आणि वारंवार पुढे धाडलेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखविल्या जातात, त्या तेथूनच पुसाव्यात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : पुसलेले छायाचित्र लगेच जात नाही. गूगल फोटोजच्या कचरापेटीत ते तीस किंवा साठ दिवस पडून राहते आणि टॅबवरच असेल तर तेवढे दिवस जागाही अडवते. कचरापेटी रिकामी केली नाही तर 'इतके पुसले तरी जागा का होत नाही' हा प्रश्न कायम राहतो. अर्थात ती रिकामी करण्यापूर्वी आत काय आहे हे एकदा पाहावे.

राहिला 'अभिलेख कक्षात पाठवावयाचा' गठ्ठा, आणि आमच्या मते सगळ्या खटाटोपाचे कारण तोच आहे. मुलांनी जे घडविले, म्हणजे त्यांचे वाचन, त्यांनी मुद्रित केलेली गाणी, त्यांनी काढलेली गावाची छायाचित्रे, तो शाळेचा 'अ' वर्ग. त्याचे ठिकाण टॅबबाहेर असावे, आणि एकच नसून दोन असावीत : एक मेमरी कार्ड किंवा शाळेचा संगणक, आणि दुसरे शाळेच्या नावे उघडलेल्या गूगल खात्याचा ड्राइव्ह. तेथे १५ जीबीपर्यंत जागा विनामूल्य मिळते, आणि जून २०२१ पासून छायाचित्रेही त्याच जागेत मोजली जातात, हे ध्यानात असू द्यावे. मेमरी कार्ड प्रथम घालताना टॅब विचारतो, की ते टॅबचा अंतर्गत भाग म्हणून वापरावयाचे की स्वतंत्र. येथे 'स्वतंत्र' हेच उत्तर द्यावे. अंतर्गत भाग केल्यास त्यावरील सर्व काही त्या एका टॅबच्याच सांकेतिक लिपीत लिहिले जाते; टॅब बिघडला की कार्ड शाबूत असूनही वाचता येत नाही. अभिलेख कक्षाची किल्ली आतच राहून दार बंद झाल्यासारखे ते होते.

खाते शाळेच्या नावे असावे, असे आम्ही म्हटले, त्याचे कारण बदली. शिक्षकाने आपल्या खाजगी खात्याने टॅब चालू केला, दोन वर्षांनी त्याची बदली झाली, चार्ज देताना टॅबही दिला, पण खाते तसेच राहिले. पुढे जागा नाही म्हणून नव्या शिक्षकाने टॅब मुळापासून साफ केला, तर २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये आलेल्या संरक्षणामुळे तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि पुढे सरकत नाही. चार्ज यादीत टॅबचा अनुक्रमांक लिहितो, त्याच ओळीत खाते कोणाचे, हेही लिहावे.

ध्वनी आणि चित्रण यांतील तफावतही येथे नोंदविण्याजोगी आहे. ६४ केबीपीएस प्रतीचे ध्वनिमुद्रण एका तासास सुमारे २९ एमबी घेते, म्हणजे तीन तासांच्या कहाण्या एका मिनिटाच्या पूर्ण एचडी चित्रणाहून कमी जागेत मावतात. चित्र आवश्यक नसेल तेथे आवाजच घ्यावा. ओवीस चेहऱ्याची गरज नाही.

या भूमीत आवाज आणि कागद कसे वाचले आणि कसे गेले, याची उदाहरणे आपल्याच जवळ आहेत. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावास निवर्तल्या. त्या लिहू शकत नव्हत्या, आणि त्यांची जी गाणी आज पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो, ती पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली छापली गेली. टिपली न गेलेली किती असतील, याचा विचार केला तर मन अस्वस्थ होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घराघरांतील फडताळांतून आणि रद्दीच्या ढिगांतून कागद सोडवून आणले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून बावीस खंडांत प्रसिद्ध केली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही रुमाल सांभाळीत आहे. राजवाड्यांच्या काळी दप्तरे वाळवीने आणि वाण्याच्या पुड्यांनी गेली. आपल्या हातून ती एका बटणाने जातात.

येत्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, घरोघर कानबाई बसतील, रोट होतील, रात्र जागवली जाईल, आणि गाणी म्हणणाऱ्या बायांमध्ये ज्यांना ती सबंध येतात अशा गतसालापेक्षा थोड्या कमीच असतील. त्या रविवारच्या आधीच्या शनिवारी शाळेतील टॅब बाहेर काढावेत, प्रतीक्षाधीन नोंदी वर गेल्याची खात्री करावी, अभिलेख दोन ठिकाणी हलवावेत, कचरापेटी रिकामी करावी, प्रत्येक टॅबवर एकंदर जागेचा दहावा हिस्सा मोकळा आहे असे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, टॅब पूर्ण चार्ज करावेत, आणि संध्याकाळी ते मुलांच्या हाती घरी द्यावेत.